कार्डावरच्या अक्षता

नानागुरू लॅपटॉपमधून कार्ड काढण्याआधी त्यावर अक्षता टाकतात. मग लॅपटॉप जागेवरून किंचित उत्तरेकडे सरकवतात, ‘पुनरागमनाय च’ असं पुटपुटतात, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक करतात आणि ‘आता हे उपकरण काढता येईल’ असा निरोप येईपर्यंत थांबतात. तो आला की मगच कार्डाला हात लावतात. गणपतीची उत्तरपूजा होते, तशीच ही होते. फरक एवढाच, की गणपतीच्या अक्षता नदीत जातात आणि नानांच्या कीबोर्डखाली जातात. एका मेकॅनिकने एकदा तो कीबोर्ड उघडला होता. आतले तांदूळ पाहून त्याने विचारलं, “गुरुजी, इसमें खिचड़ी बनाते हैं क्या?”

नाना रागावले नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि विसर्जन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. देवाला बोलावलं की तो येऊन बसतो. ‘आता आपण निघावं’ असं म्हटल्याशिवाय तो उठत नाही. मूर्ती उचलून नेली तरी तो तिथेच बसून राहतो. “म्हणून विसर्जन केल्याशिवाय काही काढायचं नाही,” नाना म्हणाले. “ना मूर्ती, ना कार्ड, ना पेन ड्राइव्ह.” मेकॅनिकने मान डोलावली, तांदूळ एका कागदात बांधून परत दिले आणि पुन्हा आला नाही.

मी वाराणसीतल्या एका हिंदी दैनिकात काम करतो आणि पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत नानांच्या घरी भाड्याने राहतो. वरचा मजला माझा, खालचा त्यांचा. नाना तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, तीर्थविधी करून देणं हा त्यांच्या घराण्याचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय. त्यांचं खरं नाव नारायण, पण मराठी घरांनी त्यांना नाना केलं आणि बनारसने त्यापुढे गुरू जोडलं. मला ते ‘संपादक’ म्हणतात. मी संपादक नाही, उपसंपादक आहे, हे त्यांना माहीत आहे. “वरच्या मजल्यावर राहता ना? मग संपादकच,” असं त्यांचं म्हणणं.

आता कार्डाविषयी. नाना तरुण होते तेव्हा त्यांनी एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. छोट्या टेपा लागणारा. यात्रेकरू आले की नाना संकल्प सांगायचे आणि मधल्या वेळात त्यांचं शूटिंगही करायचे. दशाश्वमेधावर नावेत चढणाऱ्या म्हाताऱ्या, थंडीत कुडकुडत डुबकी मारणारे आजोबा, माकडाने चष्मा पळवलेले मामा. त्या टेपा लोखंडी ट्रंकेत ओळीने लावलेल्या आहेत. अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो, “गुरुजी, आमचे आईवडील यात्रेला आले होते, त्याचं काही असेल तर मोबाइलवर पाठवाल का?” टेपेतलं मोबाइलवर जायचं तर आधी लॅपटॉपमध्ये उतरवावं लागतं. त्या कॅमेऱ्याची वायर नानांच्या लॅपटॉपला बसत नाही. म्हणून हे कार्ड. पत्त्याच्या पानाएवढं, लॅपटॉपच्या कुशीतल्या खाचेत सरकवायचं. कॅमेऱ्याची वायर त्या कार्डात. हल्लीच्या लॅपटॉपना अशी खाच नसते, त्यामुळे नानांनी जुना सोडलेला नाही.

कार्ड नुसतं खोचून चालत नाही. लॅपटॉपला त्याची ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नाना त्याला भटजी म्हणतात.

“कार्ड हा देव,” ते सांगतात. “लॅपटॉप हा यजमान. यजमानाला मंत्र येत नाहीत, देव यजमानाशी डायरेक्ट बोलत नाही. मग मध्ये कोण हवा? भटजी. तोच ड्रायव्हर.”

या कार्डाला चालतो तो ड्रायव्हर जुना. लॅपटॉपने मात्र दर अपडेटच्या वेळी तो काढून आपला नवा बसवायचं व्रत घेतलेलं आहे. नव्या ड्रायव्हरचं आणि या कार्डाचं पटत नाही. कार्ड मुकं होतं आणि यादीत त्याच्या नावावर पिवळं उद्गारचिन्ह येतं. नानांच्या लेखी हा तांत्रिक बिघाड नाही, धंद्यातली लबाडी आहे. त्यांच्या क्षेत्रात असे लोक असतात. स्टेशनवर उभे राहतात, उतरणाऱ्या यात्रेकरूला “तुमचे गुरुजी आजारी आहेत, त्यांनीच मला पाठवलंय” असं सांगतात आणि दुसऱ्याचा यजमान आपल्या घरी घेऊन जातात. “अपडेट म्हणजे तोच,” नाना म्हणतात. “नवा कोरा सदरा, बोलणं गोड, पण मंत्र एक येत नाही. आणि आमचा पिढीजात माणूस बाहेर उभा!”

गल्लीच्या तोंडाशी पांडेजींचं पानाचं दुकान आहे. ते एकदा नानांकडे आले आणि भाचीच्या लग्नाचे फोटो घेऊन झाल्यावर पेन ड्राइव्ह तसाच उपटून खिशात टाकला. नानांनी त्यांना दारातून परत बोलावलं, पेन ड्राइव्ह पुन्हा लावायला लावला, रीतसर निरोप येऊ दिला आणि मगच काढू दिला.

“गुरु, पेन ड्राइव हौ, महादेव क पिंडी नाहीं,” पांडेजी तोंडातलं पान सांभाळत म्हणाले.

“अरे, पर उठने से पहले पूछना तो चाहिए कि उठूँ?” नाना म्हणाले.

“त हम उठीं?”

“उठा.”

पांडेजी ही गोष्ट आजही गिऱ्हाइकांना सांगतात. नकलेसकट.

नानांचा मुलगा मुकुंद हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. कार्ड त्यानेच आणून दिलं होतं, नोकरीवर जायच्या आधी. जुना ड्रायव्हर शोधून तो कसा निवडायचा हेही त्यानेच वडिलांना शिकवलं. बाप-लेकांचं भांडण कधीच नव्हतं, फक्त बोलायला विषय नव्हता. मुकुंदला पौरोहित्यात रस नव्हता आणि नानांना मुकुंदच्या कामाचं नावही सांगता येत नसे. त्यांच्या मध्ये काकू होत्या, मुकुंदची आई. फोन काकू घ्यायच्या. मुकुंदचं सगळं ऐकायच्या, त्यातलं निवडक नानांना सांगायच्या, आणि नाना जे बोललेच नाहीत ते मुकुंदला सांगायच्या. “हे म्हणतायत, जपून राहा.” नाना त्या वेळी पंचांग वाचत असायचे. मी ते पाहिलेलं आहे.

काकू गेल्या. त्यानंतर मुकुंदचे फोन यायचे ते अगदी थोडक्यात. “बाबा, बरे आहात ना?” “बरा आहे.” “काही हवंय का?” “काही नको.” मग दोघेही फोन ठेवायला दुसऱ्याची वाट पाहायचे.

मग एका अपडेटनंतर कार्ड मुकं झालं. नाशिकच्या एका यजमानाला टेप हवी होती. नानांनी मुकुंदला फोन लावला, आणि तो फोन रविवारची अर्धी सकाळ चालला.

तेव्हापासून दर रविवारी कार्डाला काहीतरी व्हायचं. नाना फोन स्पीकरवर ठेवतात, कारण कानाला लावला तर चष्म्याची काडी मध्ये येते. त्यामुळे वरच्या मजल्यावर मला सगळं ऐकू यायचं.

“बाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडलंत?”

“उघडलं.”

“पिवळं चिन्ह दिसतंय?”

“लखलखीत दिसतंय.”

“त्यावर राइट क्लिक. अपडेट ड्रायव्हर. मग ‘मी स्वतः निवडतो’ असं आहे ना, ते. खालचं.”

“खालचं म्हणजे अगदी नीचे?”

“हो, अगदी नीचे. आता यादीत ज्याच्यापुढे ‘लेगसी’ लिहिलंय तो घ्या.”

“पिढीजात.”

“हो बाबा, पिढीजात. आता ओके करा. हिरवी पट्टी सरकतेय?”

“सरकतेय. हळूहळू.”

खरं बोलणं या हिरव्या पट्टीच्या आधारानं व्हायचं. पट्टी सरकेपर्यंत दोघांनाही करण्यासारखं काही नसायचं.

“खोकला गेला का?” मुकुंद विचारायचा.

“गेला. मधातून सुंठ घेतली. तुझं ते पाठीचं?”

“ठीक आहे. खुर्ची बदलली.”

“पोरगी बोलते का?”

“खूप बोलते. तेलुगू, हिंदी, सगळं मिक्स.”

“मराठी?”

“समजतं थोडं. बोलायला कोण आहे बाबा? मीच तुमच्याशी बोलतो तेवढं.”

“हां. पट्टी अडकली वाटतं.”

लॅपटॉप फार हळू चालतो, मेमरी वाढवून घ्या, असं मी नानांना सुचवलं होतं. माझ्या ओळखीचा माणूस होता. नानांनी पट्टीकडे पाहत नको म्हटलं. “ज्याला घाई असेल त्याने वाढवावी.”

आमच्या दैनिकाचा फोटोग्राफर गुप्ता याच्याकडेही तशाच खाचेचा लॅपटॉप होता आणि त्याचंही कार्ड रुसलेलं होतं. मी त्याला नानांकडे आणलं, ते मुकुंदला फोन करून विचारतील म्हणून. नाना तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या श्राद्धासाठी दर्भाची पवित्रकं वळत होते. चष्मा कपाळावर होता. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, एका हाताने तीन-चार ठिकाणी क्लिक केलं, दुसऱ्या हातातला दर्भ खाली ठेवलाही नाही. गुप्ताचं कार्ड चालू झालं. पट्टी सरकायच्या आत ते पुन्हा पवित्रकाकडे वळले होते.

“गुरुजी, खराबी क्या थी?” गुप्ताने विचारलं.

“खराबी काही नाही,” नाना मराठीतच म्हणाले. मग गुप्ता मराठी नाही हे लक्षात येऊन हिंदीत आले. “कार्ड भी अच्छा, लैपटॉप भी अच्छा. बीच का आदमी चला जाए तो दोनों चुप.”

गुप्ता गेल्यावर मी नानांना विचारलं, की तुम्हाला हे इतकं येतं, तर दर रविवारी मुकुंदला कशाला विचारता. नाना पवित्रकाची गाठ नीट बसते का ते पाहत राहिले.

उत्तर मला पुढच्या शनिवारी मिळालं. पाण्याच्या मोटरविषयी विचारायला मी खाली गेलो होतो. नाना लॅपटॉपसमोर होते. यादीत कार्डापुढे कुठलंही चिन्ह नव्हतं, सगळं ठीक होतं. नानांनी ड्रायव्हरची यादी उघडली, नवा, न पटणारा ड्रायव्हर निवडला आणि ओके केलं. पिवळं उद्गारचिन्ह उमटलं. नानांनी समाधानाने मान हलवली आणि मागे वळून पाहिलं, तर मी.

“नाना, हा तर स्टेशनवरचा ना?” मी म्हणालो.

“हां.”

“मग तुम्ही स्वतःच—”

“उद्या रविवार आहे, संपादक,” ते म्हणाले. “मोटरचं काय म्हणत होता?”

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगी बातमी नव्हती. एक म्हातारा माणूस शनिवारी आपलं यंत्र बिघडवतो आणि रविवारी त्याचा मुलगा ते दुरुस्त करतो, इतकंच.

काकूंच्या वर्षश्राद्धाला मुकुंद आला. एकटाच आला, मुलीची शाळा होती. उंच, शांत, वडिलांसारखाच मान खाली घालून ऐकणारा माणूस. श्राद्ध नानांनीच सांगितलं. बाप मंत्र सांगत होता आणि मुलगा मागून म्हणत होता. त्याचे उच्चार अजून स्वच्छ होते. नंतर जेवायला मीही होतो. मुकुंदला वडिलांची काळजी वाटत होती, आणि ती खरी होती.

“बाबा, दर रविवारी तुम्हाला किती त्रास होतो,” तो म्हणाला. “डोळ्यांचा प्रॉब्लेम, त्यात तो डिव्हाइस मॅनेजर. मी एक ॲप टाकून जातो. तुम्ही फक्त लॅपटॉप चालू ठेवा. मी तिकडे बसून सगळं करून टाकीन. तुम्हाला काही बोलायचीसुद्धा गरज नाही.”

नानांनी आमटीचा भुरका घेतला.

“तुला त्रास,” ते म्हणाले.

“मला कसला त्रास? पाच मिनिटांचं काम. फोनवर सांगत बसायचं तर आख्खी सकाळ जाते.”

“मुकुंद,” मी म्हणालो, “नानांना तसं स्वतःलाच—”

“संपादक, भात घ्या,” नाना म्हणाले. “मुकुंदा, त्यांना भात वाढ. तूपही घे. तुमच्या तिकडे असं तूप मिळत नाही.”

मुकुंदने मला भात वाढला. संध्याकाळी त्याने ॲप टाकलं, दोनदा चालवून पाहिलं आणि वडिलांना दाखवलं. निघताना दारात वाकून नमस्कार केला. “येतो बाबा.” गल्लीतून सामानाची बॅग खडखडत गेली. नाना ती ऐकू येईनाशी होईपर्यंत उंबऱ्याशी उभे होते.

तेव्हापासून वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी काही ऐकू येत नाही.

पहिल्या काही रविवारी काय होतं ते पाहायला पांडेजी दुकान सोडून आले होते. स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरताना पाहून त्यांनी हात जोडले. “ई त भूत हौ गुरु.” “भूत नाहीं, लड़का हौ,” नाना म्हणाले. पांडेजींनी बाणाला उद्देशून “का मुकुंद भइया, सब बढ़िया?” असं मोठ्याने विचारलं. बाणाने ऐकलं नाही. पांडेजी थोडा वेळ थांबले आणि गिऱ्हाइकं खोळंबली असतील म्हणून निघून गेले. ही गोष्ट ते दुकानात सांगत नाहीत.

गेल्या रविवारी मी खाली गेलो तेव्हा नाना स्नान करून, धुतलेलं उपरणं घेऊन लॅपटॉपसमोर बसले होते. कार्ड खाचेत होतं, त्यापुढे पिवळं चिन्ह होतं. ते कसं आलं हे मी विचारलं नाही. स्क्रीनच्या मधोमध नोटपॅडचं कोरं पान उघडलेलं होतं आणि नाना एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, त्यावर काहीतरी लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचायला सांगितलं. “जोडाक्षर बरोबर आहे ना बघा.”

लिहिलं होतं : ‘मुकुंदा, नाश्ता झाला का.’

“प्रश्नचिन्ह सापडलं नाही,” नाना म्हणाले. “पण समजेल.”

“फोन का नाही करत, नाना?”

“कामाशिवाय काय फोन करायचा? आणि काम तर तो करतोच आहे.”

थोड्या वेळाने बाण हलला. “आला,” नाना म्हणाले आणि माउसवरचा हात काढून घेतला. दोघांचे हात एकाच वेळी माउसवर असले तर बाण थरथरतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. ते मांडी नीट घालून बसले. एरवी यजमानाला बसवतात, तसे.

बाण डावीकडून आला. नोटपॅडच्या पानापाशी आला. त्या ओळीवर थांबला.

“वाचलं,” नाना हळूच म्हणाले.

बाण थांबलेलाच होता. नाना किंचित पुढे झुकले. मग बाण पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि फुलीवर टेकला. मधोमध एक चौकट उघडली. बदल जतन करायचे का, असा प्रश्न होता. बाणाने ‘नाही’वर क्लिक केलं. पान मिटलं.

“घाईत असेल,” नाना म्हणाले. “त्यांच्याकडे रविवारीही मीटिंगा असतात.”

मुकुंदने ते वाचलं, की उघडं राहिलेलं एखादं पान समजून बंद केलं, हे सांगता येत नाही. हैदराबादमध्ये त्याच्या स्क्रीनवर किती खिडक्या एकावर एक उघडलेल्या असतील, हेही मला माहीत नाही. बाण सवयीच्या रस्त्याने गेला. डिव्हाइस मॅनेजर, पिवळं चिन्ह, राइट क्लिक, यादी, पिढीजात. हिरवी पट्टी सरकू लागली. नाना तिच्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ एकदा हलले, पण फोन बंद होता आणि ऐकणारं कुणी नव्हतं. पट्टी भरली. पिवळं चिन्ह गेलं. ‘संपर्क संपला’ अशी एक ओळ कोपऱ्यात आली आणि विरून गेली. बाण जिथे होता तिथेच राहिला.

खालून नाववाल्यांचे आवाज येत होते. नाना बराच वेळ बाणाकडे बघत बसले.

“विसर्जन नाही केलं त्याने,” ते म्हणाले. “तसाच उठला.”

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. टेप उतरवायची नव्हती. त्या दिवशी कुणाही यजमानाने काही मागितलेलं नव्हतं.

“राहू द्या,” नानांनी माझा हात थांबवला. “तुम्ही पण ना, संपादक! इतके दिवस या घरात राहता. विसर्जन झालं नाही म्हणजे काय? अजून बसलाय तो.”

ते चहा टाकायला उठले. उन्हाची तिरीप खिडकीतून येऊन सरळ स्क्रीनवर पडली होती. जाता जाता नानांनी खिडकीचं एक दार लोटून घेतलं.